कथा राहू द्या, माणूस सांभाळा

मालिका बघणाऱ्या कुणालाही विचारा, सध्या काय चाललंय? उत्तरात कथानक येत नाही. नाव येतं. अरुंधतीने काय सुनावलं, अण्णा नाईक कुणावर डाफरले, राधिकाने गुरुनाथची कशी जिरवली. सांगणारा इतक्या हक्काने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, विषय घरातल्याच कुणाचा तरी आहे.

घरातल्याच माणसाचा असतो.

मालिका करणाऱ्यांच्या तोंडी मात्र निराळी भाषा. ट्रॅक काय आहे? हूक कुठे आहे? रविवारच्या महाएपिसोडला लग्न लावायचं की मोडायचं? सगळे प्रश्न 'पुढे काय' याचे. 'कुणाचं' हा प्रश्न मागे पडतो. प्रेक्षक तर तेवढ्या एका प्रश्नासाठी टीव्हीसमोर बसलेला असतो.

'सीआयडी' आठवा. १९९८ ते २०१८, सलग वीस वर्षं. त्यातली गुन्ह्याची उकल किती वेळा पटली? पुरावा ऐन वेळी सापडायचा, प्रयोगशाळा मिनिटात निष्कर्ष द्यायची आणि दयाची एक थप्पड बसली की खुनी पोपटासारखा बोलू लागायचा. तरी लोक बसायचे. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत शंका काढणार, दया दरवाजा तोडणार, अभिजीत संशयिताला कोपऱ्यात घेणार, हे ठरलेलं होतं. ठरलेलं होतं म्हणूनच हवं होतं.

खून निमित्ताला. सोबत त्या तिघांची.

त्याहून पक्का पुरावा हवा? बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' १९९३चा. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने तो पुन्हा दाखवला. खुनी कोण, हे जुन्या प्रेक्षकांना ठाऊक होतं. रहस्यकथेतलं रहस्यच माहीत असेल तर बघण्यासारखं उरतं काय? धोतर नेसलेला, आवाज न चढवणारा, समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा रजित कपूर.

तेवढं पुरलं.

चित्रपटातल्या नायकाचं बरं असतं. अडीच तास काढायचे, दिवे लागले की तो सुटला आणि आपणही. मालिकेतला माणूस आठवड्याचे सहा-सहा दिवस, ऐन जेवणाच्या वेळी, वर्षानुवर्षं येत राहतो. 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. इतक्या वेळा सख्खा भाऊ तरी भेटतो का? ज्याचं तोंड बघवत नाही, त्याला तीन हजार वेळा पानावर कोण बोलावील?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६मध्येच लिहून ठेवलं आहे की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं नातं जुळतं. एकतर्फी असलं तरी खरंखुरं वाटणारं. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला तेव्हा सोळा वर्षं अवकाश होता. आपल्याकडे हे वाचून कुणाला कळलं नाही. बघून कळलं. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर कथेत मेला, तेव्हा देशभर अशी हळहळ उसळली की त्याला परत आणावं लागलं.

लेखकाने मारलेला माणूस प्रेक्षकाने उठवून बसवला. आता सांगा, मालिका कुणाच्या जिवावर चालते?

इथवर सगळे माना डोलावतात. निर्मातेही डोलावतात. गडबड होते ती पुढे. प्रेक्षकाला आवडेल असं पात्र म्हणजे कसं? यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: सोज्वळ. पहाटे उठणारी, तुळशीला पाणी घालणारी, सासूचा शब्द खाली पडू न देणारी, कटकारस्थान डोळ्यांदेखत चाललेलं असूनही न बोलणारी. चूक एकही नाही. मत एकही नाही. विनोद तर नाहीच नाही.

अशा बाईबरोबर लोकलने ठाण्यापर्यंत तरी गप्पा मारता येतील का?

सद्गुणांची यादी म्हणजे माणूस नव्हे. यादीचा आदर वाटेल एक वेळ, जीव लागत नाही.

यावर लगेच 'हम लोग' पुढे केलं जाईल, आणि ते करायलाच हवं, कारण ते प्रकरण फार बोलकं आहे. १९८४-८५, १५६ भाग, मनोहर श्याम जोशींचं लेखन, शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलणार. मालिका काढली होती समाजसुधारणेसाठी. मेक्सिकोत मालिकांमधून लोकशिक्षण झालं, तसं इथेही करून बघावं म्हणून. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश ठासून भरला होता. प्रेक्षक कंटाळला. मग उपदेश मागे सारला, बसेसरराम-भगवंतीचं कुटुंब पुढे आणलं आणि देश थांबून बघू लागला. बडकी, मझली, छुटकी, लल्लू, नन्हे ही नावं घराघरांत झाली.

उपदेश माणसाच्या पाठीमागून येऊ शकतो. माणसाच्या आधी आला तर दार बंद.

आता यातली खरी गंमत भगवंतीची. ही सोसत राहणारी आई; नवरा पिणारा, सासू बोलणारी. करणाऱ्यांना तिच्यातून 'असं राहू नका' हे सांगायचं होतं. बऱ्याच प्रेक्षकांनी उलटं घेतलं. त्यांना तीच आदर्श वाटली. म्हणजे सोशिक बाई लोकांना आवडते, हाच निष्कर्ष ना? आपल्या वाहिन्यांनी तो काढला आणि चाळीस वर्षं त्याच्यावर दिवस काढले. पण भगवंती आवडली ती सोसते म्हणून नव्हे. ती ओळखीची होती म्हणून. तिच्या स्वयंपाकघरातली चणचण खरी होती, तिचं कुढणं खरं होतं, आणि तशी आई त्या काळी ज्याच्या त्याच्या घरात चुलीपुढे बसलेली होती. आजची सोशिक नायिका भरजरी साडीत, पूर्ण दागिन्यांत, बंगल्याच्या दिवाणखान्यात सोसते.

कुणाच्या घरातली आहे ही?

आपल्याकडे हे कोडं फार आधी सुटलं होतं, याचं वाईट वाटतं. कृष्णधवल काळातलं 'चिमणराव' घ्या. चिं. वि. जोशींचा चिमणराव हा भित्रा, बावळट, स्वतःच्या फजितीची हकिगत स्वतःच सांगणारा कारकून. सोबतीला दंडुका बाळगणारा गुंड्याभाऊ. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. या जोडीत आदर्श म्हणावं असं काय होतं? काही नाही. तरी महाराष्ट्राने दोघांना ठेवून घेतलं. चिमणराव घाबरायचा तेव्हा बघणाऱ्याला हायसं वाटायचं, आपणही असेच घाबरतो म्हणून.

वीस-पंचवीस वर्षांनी तेच प्रभावळकर आबा झाले. 'श्रीयुत गंगाधर टिपरे', २००१ ते २००४, त्यांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या आणि आबा. पाच माणसं, मध्यमवर्गीय घर, आठवड्यातून एकदा भेट. कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नव्हतं. कुणाची स्मृती जात नव्हती. घरात जे पेल्यातलं वादळ उठायचं ते शेवटी आबांच्या रोजनिशीत उतरायचं. बस्स.

विषाशिवाय, सुडाशिवाय मालिका चालत नाही म्हणणाऱ्यांनी टिपऱ्यांकडे आठवडाभर राहायला जावं.

त्यातली मुख्य गोष्ट ही की टिपऱ्यांकडे सगळ्यांना दोष होते. मुलं आळशी, आईबापांची चिडचिड, आजोबांचा थोडा आगाऊपणा. दोष सगळ्यांना आणि क्रूरपणा कुणालाच नाही. हे प्रमाण जमवणं अवघड असतं. क्रूर माणूस लिहायला अक्कल कमी लागते: डोळे मोठे करा, पार्श्वसंगीत लावा, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर आदळा. चांगला माणूस कंटाळवाणा न करता लिहायचा तर लेखकाची खरी परीक्षा.

आणि परीक्षेला बसायला वेळ कुणाला आहे? रोजचा भाग रोज द्यायचा असतो.

तरीही जमतं. २०१६ हे साल बघा. एकाच वाहिनीवर, एकाच वर्षात तीन मालिका सुरू झाल्या. फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले', ऑगस्टमध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको', ऑक्टोबरमध्ये 'तुझ्यात जीव रंगला'. पहिली मालवणी बोलत होती, दुसरीतली राधिका नागपुरी, तिसरीतला राणा कोल्हापुरी. त्याआधी वर्षानुवर्षं मराठी मालिकेतली माणसं एकाच धुतलेल्या, इस्त्री केलेल्या भाषेत बोलायची. गावरान बोलला तर तो नोकर किंवा विनोदी पात्र. इथे नायकच 'चालतंय की' म्हणाला आणि लोकांनी ते उचललं.

स्वतःची भाषा असलेला माणूस लगेच जवळचा वाटतो. ही काय शास्त्रज्ञांनी सांगायची गोष्ट आहे?

राधिकाचं बघा. नवऱ्याने फसवलेली बायको हे जुनंच दुखणं. पण ही रडून थांबली नाही. मसाले केले, विकले, तीनशे कोटींची कंपनी उभी केली. आकड्यावर लोक हसले, तो न पटण्याजोगा होताच. बाई मात्र पटली होती. ती काहीतरी करत होती. हाताला काम, जिभेला धार आणि गुरुनाथला तोंडावर उत्तर. अनिता दातेंनी ती साकारली ती केविलवाणी न करता. प्रेक्षक गणितात माफ करतो, स्वभावात करत नाही.

त्याच मालिकेतली शनाया तर खलनायिका म्हणून आणली होती. संसार मोडणारी. लोकांनी तिला शिव्या घालायच्या, अशी योजना. घातल्याही. पण त्यांनी तिची वाटही पाहिली. कारण ती आळशी होती, हावरी होती, नटवी होती आणि हे सगळं ती लपवत नव्हती. तिच्या मूर्खपणात जान होती. रसिका सुनील शिकायला परदेशी गेली, ईशा केसकर आली, पुन्हा रसिका परतली, तरी शनाया शनायाच राहिली.

पात्र पक्कं असलं की नटी बदललेली चालते. उलट होत नाही.

उलट होत नाही याचाही दाखला आहे. 'दिल दोस्ती दुनियादारी' २०१५मध्ये आली. मुंबईतलं एक घर, नाव 'माजघर', त्यात आशू, सुजय, कैवल्य, मीनल, रेश्मा आणि अ‍ॅना. कटकारस्थान नाही, सासू नाही, खलनायक नाही. कॉलेजातली पोरं आणि त्यांचे आईबाप एकत्र बसून बघत, ही एरवी न घडणारी गोष्ट. लोक कथेसाठी नव्हे, त्या सोफ्यावर जागा मिळावी म्हणून येत. मग २०१७मध्ये 'दिल दोस्ती दोबारा'. तेच सहा कलाकार, तीच मैत्री, नावं नवी, घराऐवजी उपाहारगृह. मालिका बरी होती. पण आशू नव्हता आणि रेश्मा नव्हती. चेहरे ओळखीचे, माणसं अनोळखी. पहिलीसारखा जीव लागला नाही.

प्रेक्षकाला अमेय वाघ नको होता का? हवा होता. पण त्याला कैवल्यला भेटायचं होतं.

आता अण्णा नाईक. यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या भागाची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने होते. माणूस गेला आणि घरावर सावट आलं, एवढंच त्यांचं काम. २०१९मध्ये दुसरा भाग आला तो कथा मागे नेऊन. अण्णा जिवंत, माधव अभ्यंकर त्या भूमिकेत, आणि सगळी मालिका त्यांच्याभोवती. बाहेरख्याली, जमिनी लाटणारा, जीव घ्यायला मागेपुढे न बघणारा हा माणूस. आणि अख्खा महाराष्ट्र त्याच्या 'शेवंते' या हाकेची नक्कल करत होता.

कोकणातल्या कुणालाही विचारा, असला माणूस वाडीत हवा का? कानावर हात ठेवतील. पडद्यावर मात्र रोज हवा.

का? एक तर तो घाबरवतो, आणि उबेत बसून घाबरायला माणसाला आवडतं. पण त्याहून महत्त्वाचं, अण्णांना काय हवंय हे पहिल्या क्षणापासून कळतं. ते कुणाला स्पष्टीकरण देत नाहीत. त्यांच्या रागाला, वासनेला, लोभाला एक सरळपणा आहे. रोज दहा ठिकाणी मान तुकवणाऱ्या, साहेबापुढे गप्प बसणाऱ्या माणसाला असा बेबंद माणूस बघताना मोकळं वाटतं. शिवाय तो एकटा नव्हता. 'इसारलंय' म्हणणारा पांडू होता, शेवंता होती, बायको माई होती. अण्णांचं ओझं पेलायला भोवती प्रेम करण्याजोगी माणसं ठेवलेली होती. नुसते अण्णा आठवडाभरात असह्य झाले असते.

हे ज्यांना कळलं नाही त्यांनी पुढे नुसते अण्णाच बनवले. डझनाने बनवले. एकही टिकला नाही.

पण इथे प्रेक्षकाचाही कान धरायला हवा. अण्णांच्या प्रतापांवर टाळ्या पडत असताना माईचं काय? तिचा संसार रोज पायाखाली तुडवला जात होता. आपल्याला ती रडकी वाटली. तिने अडवलं की मजा थांबते, म्हणून नकोशी वाटली.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत 'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ चालली. कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवू लागतो, माणसं मारतो, आणि प्रेक्षक त्याच्या पाठीशी. बायको स्कायलर त्याला जाब विचारते, तर लोकांचा राग तिच्यावर. इतका, की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी २०१३मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून विचारलं, या बाईचा एवढा द्वेष कशासाठी?

प्रश्न रास्त होता. आपल्याला जो आवडतो त्याच्या बाजूने आपण न्यायही फिरवतो. पडद्यावर फिरवतो तोवर ठीक. निवडणुकीत, कचेरीत, घरात तेच करतो, तेव्हा? आवडीची ही ताकद आहे, आणि म्हणूनच ती निष्काळजी हातांत पडू नये असं मनापासून वाटतं. लेखकाने माईलाही एक चांगला संवाद, एक खळखळून हसू, एक स्वतःची इच्छा दिली, तर प्रेक्षक तिच्याकडेही वळतो. वळवणं लेखकाच्या हातात असतं.

काही समीक्षकांना हा सगळाच विषय बाळबोध वाटतो. पात्र आवडायला कशाला हवं, म्हणतात. ते गुंतागुंतीचं हवं, अस्वस्थ करणारं हवं. मोठं नाव घेतात: 'द सोप्रानोज'. घ्या ना. १९९९ ते २००७. टोनी सोप्रानो, न्यू जर्सीतल्या गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या. पण डेव्हिड चेसने पहिल्याच भागात त्याची ओळख कशी करून दिली? त्याच्या घरच्या तरणतलावात बदकं आली आहेत. हा धिप्पाड खुनशी माणूस त्यांच्यात लहान मुलासारखा रमतो. बदकं उडून जातात आणि टोनी कोसळतो.

आधी बदकं. मग खून.

गुंतागुंतीच्या नायकाचं ज्याने युग सुरू केलं त्याला नेमकं ठाऊक होतं की बघणाऱ्याचा जीव आधी गुंतवावा लागतो. आपल्याकडच्या नक्कलकारांनी पिस्तूल तेवढं उचललं.

त्यांच्या वेबमालिका उघडा. निळसर अंधार. प्रत्येक जण शिवी देतो, प्रत्येक जण फसवतो, प्रत्येकाच्या बालपणी काहीतरी भयंकर घडलेलं. आठ भाग. दुसऱ्या भागात कुणीतरी मरतो, आणि बघणाऱ्याला पाणी प्यायला उठावंसं वाटतं. मेला तो कोण होता? आपल्याला काय त्याचं?

त्याच माध्यमात २०२०मध्ये 'पंचायत' आली. उत्तर प्रदेशातलं फुलेरा गाव, वीस हजार पगाराची सचिवाची नोकरी, मनाविरुद्ध आलेला चिडका अभिषेक. पहिल्या हंगामात भांडण पेटतं ते चाकांच्या खुर्चीवरून. एवढ्याशा गोष्टींवर लोकांनी ती डोक्यावर घेतली, कारण प्रधानजी, विकास आणि प्रल्हाद यांच्या बरोबर संध्याकाळी बसावंसं वाटत होतं. आणि दोन वर्षांनी दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस प्रल्हादचा मुलगा सैन्यात शहीद झाल्याची बातमी आली, तेव्हा बघणारी घरंच्या घरं रडली. तो मुलगा फारसा दिसलाही नव्हता. बाप मात्र सगळ्यांचा झाला होता.

धक्का असा द्यायचा असतो. त्यासाठी आधी दोन वर्षं बापावर प्रेम करायला लावावं लागतं.

प्रेम असलं की प्रेक्षकाला कुठवर नेता येतं, हे 'आई कुठे काय करते'ने दाखवलं. डिसेंबर २०१९ ते २०२४. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती. सुरुवातीला घरच्यांनी गृहीत धरलेली बाई. मग नवऱ्याचं प्रकरण कळतं, घटस्फोट होतो, गाणं पुन्हा हाती येतं आणि मुलं मोठी झालेली असताना ती आशुतोषशी दुसरं लग्न करते. हे चर्चासत्रात सांगितलं असतं तर निम्मं सभागृह उठून गेलं असतं. इथे संध्याकाळी साडेसातला सासवा-सुना शेजारी बसून बघत होत्या आणि 'करावं तिने' म्हणत होत्या.

ज्या बाईवर जीव आहे तिचं सुख हवंसं वाटतं. रीतीभाती आपोआप बाजूला होतात. मोर्चे काढून जे होत नाही ते इथे होऊ शकतं.

आणि मग? पुढे कथेने आशुतोषला मारलं. बाईची फरफट नव्याने सुरू. का? मालिका चालत होती म्हणून. चालणारी मालिका थांबवायची नसते, एवढाच नियम.

माझा खरा राग इथे आहे. पात्र न जमणं समजू शकतो. सगळ्यांनाच नाही जमत. पण जमलेलं, लोकांनी उचलून धरलेलं पात्र स्वतःच्या हाताने मोडणं?

'होणार सून मी ह्या घरची', २०१३. जान्हवी सहस्रबुद्धे बँकेत नोकरी करणारी, समजूतदार, हसरी मुलगी. तेजश्री प्रधान आणि शशांक केतकर यांच्या त्या जोडीवर लोकांनी भरभरून माया केली. जान्हवीचं मंगळसूत्र दुकानांत मागितलं जात होतं. आणि शेवटी तिची आठवण कशाची राहिली? लांबलेल्या गरोदरपणाची. महिने उलटत गेले, बाळ काही येईना, आणि जिच्यावर माया होती तिच्यावर महाराष्ट्रभर विनोद फिरू लागले.

ती चूक जान्हवीची नव्हती. हसू मात्र तिचं झालं.

हे घडतं कसं, ते श्रेयनामावलीत दिसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर वाहिनीचे लोक. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. आकडा घसरला की शुक्रवारी ट्रॅक वळतो. नायिका हुशार आहे, ही अडचण ठरते. हुशार बाई खोटं पत्र ओळखील, फोन करून खात्री करील, प्रकरण एका भागात मिटेल. ते तीन आठवडे चालायला हवं असतं. मग तिची हुशारी तीन आठवड्यांसाठी काढून घेतात. पुढच्या ट्रॅकला परत देतात, लागली तर.

प्रेक्षकाला हे कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी भांडी घासताना मालिका ऐकणाऱ्या बाईला विचारावं. ती पडद्याकडे न बघता सांगते, 'ही असं करणार नाही.' तिला त्या नायिकेचा स्वभाव लेखकापेक्षा नीट माहीत असतो. गैरसमजाने पंधरा भाग मिळतात आणि माणूस कायमचा जातो, हा हिशेब तिला कळतो. गुरुवारच्या कागदावर तो उतरत नाही.

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. घना आणि राधा, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. सतीश राजवाडेंच्या त्या मालिकेत करारापुरतं लग्न होतं, भरलेलं घर होतं, एकमेकांची थट्टा होती. दोघांचं खरंच जुळलं आणि पडदा पडला. राधाला कुणी विसरभोळी केली नाही, घनाला कुणी दुष्ट केलं नाही. आज इतक्या वर्षांनी लोक त्या घराबद्दल प्रेमाने बोलतात.

नव्या मालिका लिहायला बसलेल्यांकडे मागणं फार नाही. पहिल्या आठवड्यात तुमची नायिका डॉक्टर असते, वकील असते, शिक्षिका असते. दुसऱ्या महिन्यापासून ती दिवसभर घरात दिसते. तिला कामावर परत पाठवा. तिला एक मैत्रीण द्या, जी सल्ला न देता नुसती खिदळते. तिला एक चूक करू द्या, तिची स्वतःची, कुणी घडवून आणलेली नव्हे. तिच्या सासऱ्याला एखादा छंद द्या. नवरा आहे तर त्याला दोन वाक्यं सलग बोलू द्या. आणि येत्या गुरुवारी आकडा दोन दशांश खाली आला, तर शुक्रवारी तिच्या अकलेला हात लावू नका.